वाक्य पुरं होऊ दे

आधीच सांगून टाकते, गुरुजींचं आणि माझं पटत नसे. मी पर्चे लिहिणारी. अपंगांचे हक्क, शाळाप्रवेश, दाखले, रॅम्प. कागदाच्या एका बाजूला मागण्या, दुसऱ्या बाजूला कायद्याची कलमं, आणि कचेरीच्या दारात उभं राहून वाटप. ते घनपाठी. वेदातला एकेक शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून गुंफून म्हणायचा, म्हणजे पिढ्या गेल्या तरी एक काना इकडचा तिकडे होत नाही, ही त्यांची विद्या. मला दोन मिनिटांत माणूस पटवायचा असतो. त्यांना घाई म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. शिवाय ते मुलींना वेद शिकवत नसत, आणि त्यावरून मी या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी वस्तीत, दूधविनायकाच्या गल्लीत, हातात दुधाची पिशवी धरून, सकाळी सकाळी त्यांच्याशी भांडलेली आहे.

"आमच्या गुरूंनी घालून दिलंय ते," गुरुजी म्हणाले.

"गुरू चुकले तुमचे."

"असतील. तू आधी दूध तापव जा, नासेल."

माझं मत आजही बदललेलं नाही. गुरू चुकलेच. पण आता ते इंदूरला मुलाकडे राहायला गेलेत, गल्लीत भांडायला तोलामोलाचं कोणी उरलेलं नाही, आणि इंदूरच्या शेजाऱ्यांची मला काळजी वाटते.

काळजीचं कारण त्यांचा नियम. पाठ चालू असताना कोणी मध्ये बोललं, तर पाठ पहिल्यापासून. शिंक चालेल, खोकला चालेल, घंटा, माकड, वरातीचा बँड, सगळं चालेल. पण त्यांच्याशी कोणी बोललं की मागे. वेदापुरतं हे ठीक होतं. त्यांनी हा नियम सगळ्या संसाराला लावला होता. भाजीवाल्याला ते सांगायचे, "आधा किलो परवल, जिसमें पीला एक न हो, और पाव भर अदरक, जो सूखी न हो, और..." भाजीवाला म्हणायचा, "गुरू, परवल आज महँगा है." की झालं. "आधा किलो परवल, जिसमें पीला एक न हो..." नवा भाजीवाला असला तर शेजारचे त्याला खूण करायचे, बाबा रे, गप्प बस, तुझाच वेळ वाचेल.

आपला मोबाइल नंबरही ते घनात सांगत. दोन आकडे पुढून, तेच मागून, मग तिसरा जोडून. एकदा पूर्ण ऐकलेला माणूस जन्मात तो नंबर विसरला नसता. पूर्ण ऐकणारा माणूस मात्र मिळाला नाही.

एकदा त्यांना कुठल्याशा कंपनीतून विमा विकणाऱ्या मुलीचा फोन आला. ती पाठ केलेलं बोलत होती. गुरुजींनी मध्ये तोडलं, तर ती पहिल्यापासून. मग गुरुजी सुरू झाले, तिने तोडलं, तर गुरुजी पहिल्यापासून. मी ओट्यावर बसून ऐकत होते. बऱ्याच वेळाने त्या मुलीने हार मानली आणि "दादाजी, प्रणाम" म्हणून फोन ठेवला. विमा घेतला नाही, पण ती त्यांना फार आवडली. "कोणी तरी नीट शिकवलंय पोरीला," म्हणाले.

माझे पर्चे ते वाचायचे. सगळे, मोठ्याने, मागच्या छापखान्याच्या नावासकट. एकदा बोट ठेवून विचारलं, "ही काडी कसली?"

"उद्गारचिन्ह आहे."

"म्हणजे तू इथे ओरडतेस."

"ओरडतेच. ओरडल्याशिवाय कोणी ऐकत नाही."

"मग ऐकतात का?"

मी म्हटलं की छपाई स्वस्तातली आहे, काड्या आपोआप येतात. त्यांनी ते खरं मानलं आणि छापखाना बदल म्हणाले.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर वैशालीवहिनी भाड्याने राहायच्या. माहेर सोलापूर, नवरा बँकेत, त्याची बदली आणखी पुढे कुठे तरी झालेली, तो शनिवारचा यायचा. मुलगी सई, सहावीत. सईला अपस्मार. आपल्याकडे याला फिट म्हणतात, आकडी म्हणतात, इथे मिर्गी म्हणतात आणि तिन्ही शब्द आवाज खाली आणून म्हणतात, जसं काही मुलीने चोरी केली आहे. गोळ्या चालू होत्या, डॉक्टर चांगले होते, महिनेच्या महिने काही होत नसे. मग एका सोमवारी शाळेच्या प्रार्थनेत आली. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा शोधायला धावलं, कोणी हातपाय दाबून धरले. यातलं काहीही करायचं नसतं. फिट आपली आपण थांबली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेने निरोप धाडला: शाळा सुटेपर्यंत आईने गेटवर बसून राहायचं, नाही तर मुलीचा दाखला घेऊन जायचं. डॉक्टरांनी नाकात मारायचा औषधाचा स्प्रे लिहून दिला होता, फिट लांबली तर द्यायला. शाळा म्हणाली, आम्ही औषधं ठेवत नाही.

वहिनी बसल्या. वॉचमनच्या बाकावर, पर्समध्ये स्प्रे घेऊन, रोज. उन्हाळा गेला, पाऊस गेला, त्या तिथेच. कॉलेजात शिकवायच्या, ती नोकरी सुटली. बाकावर बसून त्यांनी पूर्ण शाळेचे स्वेटर विणले असते, पण त्यांना विणकाम येत नव्हतं. सई वर्गाच्या खिडकीतून आई दिसते म्हणून बाहेर बघायचीच बंद झाली. मैत्रिणी तिला विचारायच्या, तेरी मम्मी चौकीदार है क्या?

मला हे कळलं तेव्हा मी तडक एक पर्चा लिहिला. काड्या पुष्कळ होत्या. तो घेऊन मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले, आणि त्यांनी तो पेपरवेटखाली ठेवून मला चहा पाजून परत पाठवलं. बाहेर येऊन गुरुजींच्या ओट्यावर मी आदळआपट करत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "कायद्यात काय लिहिलंय ते म्हण."

मी म्हटलं. शिक्षण हक्काच्या कायद्यात कलम सोळा: शाळेत घेतलेल्या मुलाला प्राथमिक, म्हणजे आठवीपर्यंतचं, शिक्षण पूर्ण होईपर्यंत काढून टाकता येत नाही. आणि अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातही कलम सोळाच: सरकारी असो की मान्यता मिळालेली खाजगी, शाळेत भेदभाव न करता प्रवेश, त्या मुलाच्या गरजेप्रमाणे योग्य ती सोय, आणि त्याला एकट्याला लागणारा आधार.

"दोन्हीकडे सोळाच?"

"दोन्हीकडे."

त्यांना याचा इतका आनंद झाला की ते उठून आत गेले आणि मला एक पेढा आणून दिला. मग खाली बसले, डोळे मिटले, आणि पहिल्या सोळाव्याचा गाभा हिंदीतून, उजवा हात वर-खाली नेत, सुरात म्हणायला लागले.

"निकाला नहीं, नहीं निकाला, निकाला नहीं जाएगा, जाएगा नहीं निकाला, निकाला नहीं जाएगा."

थांबले. डोळे उघडले. "अगं, बघितलंस? पुढून म्हण, मागून म्हण, काढता येतच नाही. पक्कं वाक्य आहे. कोणी लिहिलंय?"

"संसदेने."

"बरे लोक आहेत."

तोवर सई जिन्यात येऊन उभी होती. तिने तेच म्हटलं, त्याच सुरात, कुठेही न अडखळता. गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. मी संधी सोडणारी नाही. म्हटलं, "काय हो गुरुजी, मुलींना चालतं का हे?"

"कायद्याला बंदी नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आवाज चांगला आहे तिचा." त्या दिवसापासून सई रोज संध्याकाळी त्यांच्याकडे कलम सोळा शिकायला बसू लागली. वेद नव्हे, कायदा. माझ्या भांडणाला मी एवढ्यावर अर्धं यश म्हणते, उरलेलं अर्धं अजून बाकी आहे.

आता तुम्हाला वाटेल की यानंतर गुरुजी न्यायासाठी पेटून उठले. मलाही तसंच वाटलं होतं. खरं कारण वेगळं होतं. घरमालक म्हणून ते एकदा सईची फी भरायला वहिनींबरोबर शाळेत गेले, प्रिन्सिपल मॅडमना नमस्कार करून "इस बालिका के विषय में मुझे यह निवेदन करना है कि" एवढं म्हणाले, आणि मॅडमनी "हाँ हाँ पंडितजी, हो जाएगा" म्हणून त्यांना दारापर्यंत पोचवलं. वाक्य अर्धं राहिलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं गुरुपत्नीने मला सांगितलं. सकाळी धुतलेलं धोतर, उपरणं, कपाळाला गंध, आणि मला हाक. "चल. ते वाक्य पुरं करून येऊ."

वहिनी, मी आणि गुरुजी, मॅडमच्या खोलीत. गुरुजींनी सुरुवात केली. "इस बालिका के विषय में मुझे यह निवेदन करना है कि कानून की धारा सोलह में..."

"देखिए पंडितजी, हमारी भी मजबूरी..."

"इस बालिका के विषय में मुझे यह निवेदन करना है कि..."

शिपाई सही घ्यायला आला, त्यांना "ज़रा हटिए" म्हणाला. पहिल्यापासून. मॅडमना फोन आला, त्या बोलत होत्या तोवर गुरुजी शांतपणे थांबले. फोन ठेवून त्या "तो आप कह रहे थे" म्हणाल्या. पहिल्यापासून. मी हसू दाबायला खिडकीबाहेर बघत होते. मॅडमनी युक्ती केली, म्हणाल्या, "मिर्गी का तो कानून की सूची में नाम ही नहीं है." हे अर्धं खरं आहे, आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, की सूची बाजूला ठेवा, व्याख्या वाचा, दीर्घकाळची व्याधी आणि तिच्या आड येणारा अडथळा मिळून अपंगत्व होतं, व्याधी मुलीच्या मेंदूत आहे, पण अडथळा तुमच्या गेटवर बाक टाकून बसवलाय. चांगलं वाक्य होतं. मला म्हणायला मिळालं नाही, कारण गुरुजी पुन्हा "इस बालिका के विषय में" वर गेले होते.

शेवटी मॅडमनी पेन ठेवलं. फोन पालथा घातला. शिपायाला दार ओढून घ्यायला सांगितलं. आणि गुरुजींचं वाक्य, दोन्ही सोळा कलमांसकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालं.

मॅडम म्हणाल्या, "और अगर मेरी टीचर के हाथ में बच्ची को कुछ हो गया तो?"

मी तोंड उघडलं. गुरुजींनी माझ्यासमोर हात आडवा धरला. "तिचं वाक्य पुरं होऊ दे," मराठीत म्हणाले.

मग मॅडम बोलल्या. आधीच्या एका शाळेत त्या साध्या टीचर होत्या, तिथे एका मुलाला फिट आली, दात आवळले जाऊ नयेत म्हणून यांनीच तोंडात चमचा घातला, त्याचा दात तुटला, आणि त्याचे घरचे लोक गेटवर येऊन यांच्या नावाने ओरडून गेले. तेव्हापासून ठरवलं, असलं काही आपल्या अंगावर घ्यायचं नाही. "आप लोग धारा बताते हैं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यह कोई नहीं बताता कि उस वक़्त करना क्या है."

त्यांचा राग येत होता आणि म्हणणं बरोबर होतं. माझ्या पर्च्यावर मागण्या होत्या, कलमं होती, उद्गारचिन्हं होती. त्या वेळी करायचं काय, हे नव्हतं. वहिनींनी पर्समधून स्प्रे काढून टेबलावर ठेवला. "मैं बताऊँ?" म्हणाल्या. आणि गेटवर बसणाऱ्या या बाईने पहिल्यांदा त्या खोलीत बसून बोलायला सुरुवात केली. ठरलं ते साधं होतं: औषध केव्हा आणि किती, हे डॉक्टर लिहून देतील, आईबाप लेखी संमती देतील, सईच्या मजल्यावरच्या टीचर शिकून घेतील, स्प्रे स्टाफरूमच्या विनाकुलपाच्या कपाटात राहील. एवढंच. एवढ्यासाठी एक बाई उन्हापावसात बाकावर बसली होती, आणि या गोष्टीचा मला अजून संताप येतो.

शिकवायला डॉक्टरांकडची नर्स आली. पेशंट म्हणून आडवं कोण होणार, असं तिने विचारलं, तर सगळ्या टीचर एकमेकींकडे बघायला लागल्या. गुरुजी उपरणं नीट घडी करून बाजूला ठेवून सतरंजीवर आडवे झाले. त्यांना बोलावलेलंच नव्हतं.

"पंडितजी, आप बेहोश हैं," नर्स म्हणाली.

"हूँ," गुरुजी म्हणाले. "उपरना सिर के नीचे रखना है, वह उधर है."

"बेहोश आदमी बोलता नहीं."

"सिर्फ़ आँख बंद है, कान नहीं."

नर्सने सांगितलं, आधी कुशीवर वळवा, मग घड्याळात वेळ बघा, आणि खेळाच्या सरांनी त्यांना कुशीवर वळवलं. गुरुजींनी डोळे मिटूनच सांगितलं की धोतर सांभाळून. हसण्यात सगळा धडा वाहून जाईल अशी मला भीती वाटत होती, पण झालं उलटंच. गुरुजींनी आडव्याआडव्या घन सुरू केला आणि टीचर मंडळी मागून म्हणू लागली: करवट लिटाओ, लिटाओ करवट, करवट लिटाओ घड़ी, घड़ी लिटाओ करवट, करवट लिटाओ घड़ी. नर्सला हे पसंत नव्हतं. ती म्हणाली, उलटसुलट म्हणाल तर ऐन वेळी आधी घड्याळाला झोपवाल. मीही तिच्याच बाजूने बोलले. गुरुजींनी आणखी एक सुचवलं, की घड्याळ हवंच कशाला, अमुक एक सूक्त म्हटलं की बरोबर पाच मिनिटं होतात.

"और जिसको सूक्त नहीं आता?" नर्सने विचारलं.

गुरुजी विचारात पडले. सतरंजीवर पडल्यापडल्याच. मग म्हणाले, "घड़ी देखो." त्यांनी हार मानलेली मी त्या एकदाच पाहिली, आणि नर्सला तर आपण काय जिंकलो हे कळलंही नाही.

वर्गशिक्षिका मिश्रा मॅडम सगळ्यात जास्त घाबरलेल्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, तोंडात खरंच काही घालायचं नाही? पाणीसुद्धा नाही? दाबून नाही धरायचं? पाच मिनिटांत थांबली तर स्प्रे नाही, त्याहून लांबली तर स्प्रे आणि लगेच हॉस्पिटल, बरोबर ना? नर्सने प्रत्येक वेळी न कंटाळता हो म्हटलं. त्या दिवशी गेटवरचा बाक वॉचमनला परत मिळाला. त्याने वहिनींना विचारलं, "कल से नहीं आएँगी?" त्याला जरा वाईट वाटलेलं दिसलं.

वहिनींना मात्र घरी बसवेना. सकाळी सईला सोडून यायच्या आणि गल्लीतल्या गल्लीत फेऱ्या मारायच्या, हातात फोन. गुरुजींनी काही दिवस बघितलं. मग थंडीतल्या एका सकाळी जाहीर केलं, की भरताचं वांगं रामनगरचंच हवं, हाताने निवडून आणलेलं, आणि वैशालीला वांग्यातलं कळतं. वहिनी म्हणाल्या, नदीच्या पलीकडे कशी जाऊ, शाळेतून फोन आला तर? मीही म्हटलं, वांगी गल्लीतही मिळतात. गुरुजी म्हणाले, "तू पण चल. तू वाद घाल, ती वांगी बघेल."

अमृतराव घाटावरून नाव केली. धुकं होतं, वहिनी फोन मुठीत धरून बसल्या होत्या, आणि गुरुजी नावाड्याला सांगत होते की त्याचं इंजिन आजारी आहे. रामनगरच्या बाजारात वांग्यांचे ढीग, एकेक वांगं तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं. वहिनींनी एक उचललं, वजन बघितलं, देठ बघितला, आणि फोन वाजला.

"जी. जी मैडम." त्यांचा चेहरा उतरला. "कितनी देर?... घड़ी देखी?... अच्छा. अच्छा. मैं आ जाऊँ?" मग नुसतं ऐकत राहिल्या. दुसऱ्या हातात वांगं तसंच.

फोन ठेवून त्यांनी आमच्याकडे बघितलं. "सईला आली होती. वर्गातच. लगेच थांबली, स्प्रे लागला नाही. मिश्रा मॅडमनी कुशीवर ठेवलं, मुलींना बाजूला बसवलं. आता झोपलीय, खेळाचे सर जवळ बसलेत."

"चला," मी म्हटलं, "मी नाव बघते."

"प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, येऊ नका." हे त्यांनी स्वतःलाच सांगितल्यासारखं सांगितलं. "म्हणाल्या, डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं सगळं चाललंय, काही वेगळं दिसलं तर फोन करते."

मी गुरुजींकडे बघितलं. ते वांग्यांकडे बघत होते. "मग दोन घे," ते वहिनींना म्हणाले.

त्यांनी दोन घेतली. नंतर आम्ही लस्सीच्या दुकानात बाकावर बसलो. गुरुजी बाहेरचं काही घेत नसत, पण रामनगरच्या लस्सीबद्दल त्यांचं म्हणणं होतं की दह्याला दोष लागत नाही. कोणत्या ग्रंथात, ते मी विचारलं नाही. वहिनींनी मातीचा कुल्हड दोन्ही हातांनी धरला होता. लस्सी अर्धी झाली आणि पुन्हा फोन. या वेळी पलीकडून सईचा आवाज, इतका ठणठणीत की आम्हा दोघांनाही ऐकू आला.

"आई, मॅडम म्हणतायत उठलीस ना, बरं वाटतंय ना, मग गणिताला बस. आज टेस्ट आहे. तू सांग ना त्यांना, मला बरं नाहीये."

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"कसं वाटतंय?"

"भूक लागलीय. पण टेस्ट आहे, आई."

वहिनी हसायला लागल्या. हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं, आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "डबा खा," त्या म्हणाल्या, "आणि टेस्टला बस."

फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली, आणि लस्सीवाल्याला हाक मारली, "भैया, मलाई और है?"